डाव्या चाकाचा उलटा आटा

नाही, पण मला एक सांगा, श्राद्धाचं जेवण वेळेवर मिळावं ही काय फार मोठी अपेक्षा झाली का हो? मी काही बाराचा ठोका धरून बसलो नव्हतो, साडेबारा चालले असते, पण सकाळी उत्रोलीहून निघताना आमच्या सौभाग्यवतींनी चहासुद्धा अर्धा कप दिला, का, तर 'तिकडं जेवायचंय, पोट मोकळं ठेवा'... ठेवलं! मोकळं ठेवलं! भोरला साडूंच्या घरी पोचलो तेव्हा वडे तळायला घेतले होते, खिरीला उकळी आली होती, अळूच्या भाजीचा वास जिन्यापर्यंत आला होता, आणि ते सगळं समोर ठेवून आम्ही वीस माणसं भिंतीला पाठ लावून बसलो, का, तर चाक! एका मोटारीचं एक चाक! त्यातही मागचं... आणि त्यातही डावं!

आता डावं चाक म्हटलं की आमच्या साडूंच्या घरात सगळे गप्प होतात. तुम्हाला सांगतो, ते घर एका वाक्यावर चालतं. 'डाव्या चाकाचा आटा उलटा!' बस्स. देवघरात सुद्धा हेच लिहून लावायचं बाकी ठेवलंय त्यांनी.

थांबा, नीट सांगतो. आमचे साडू म्हणजे आनंदराव, मोजणी खात्यात कारकून, स्वभाव गरीब, वजन ब्याण्णव किलो... हे वजन लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. त्यांचे वडील गेनूतात्या. चौतीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये, आणि चौतीस वर्षं फक्त चाकं! इंजिनाकडे ढुंकून बघितलं नाही कधी. म्हणायचे, 'इंजिन बंद पडलं तर गाडी हुबी ऱ्हाती, चाक निघालं तर मानसं आडवी व्हत्यात.' आणि त्या काळी जुन्या गाड्यांना डावीकडची चाकं असायचीच हो तशी, उजव्या चाकाचा नट आपल्या नेहमीच्या दिशेनं उघडायचा आणि डाव्या चाकाचा बरोब्बर उलटा, चालता चालता सैल पडू नये म्हणून. म्हणजे तात्या खोटं बोलत नव्हते. पण किती वेळा बोलायचं याला काही मर्यादा? आनंदराव सात वर्षांचे असताना त्यांना वर्कशॉपमध्ये नेलं, डाव्या चाकापुढं उभं केलं, हातात पाना दिला आणि पाठीत एक धपाटा घालून हे वाक्य दिलं. पोराच्या लग्नात सून पाया पडली, तर तिच्या डोक्यावर हात ठेवून काय म्हणाले असतील? 'सुखानं संसार कर पोरी... आन् डाव्या चाकाचा आटा उलटा, ध्यानात ठिव.' आमची मेव्हणी शैलजा, कोरी साडी, मुंडावळ्या, तिला वाटलं ही सासरची काही रीत असेल. ती हो म्हणाली!

तर हे तात्या गेल्या वर्षी मार्गशीर्षात गेले. गेले म्हणजे... कुठं गेले? तोच तर प्रश्न आहे! कारण आनंदरावांचं म्हणणं, तात्या गाडीत आहेत. पुढं, डावीकडच्या सीटवर. हसू नका. मीही हसलो होतो. पण तो माणूस मला डोळ्यांत डोळे घालून सांगतो की चुकीचा गिअर पडला की बाजूनं खाकरल्याचा आवाज येतो, तात्यांचाच, 'ख्रर्र... हं', आणि ब्रेक जरा उशिरा दाबला की ग्रीसचा आणि तंबाखूचा वास येतो. वर्षभर त्या सीटवर कुणी बसलेलं नाही. शैलजासुद्धा मागं बसते. भोरच्या बाजारपेठेतून आमचे साडू पुढं एकटे, बायको मागं, लोकांना वाटायचं साहेबीणबाईंनी ड्रायव्हर ठेवलाय. मी एकदा पुढचं दार उघडायला गेलो तर आनंदराव किंचाळले हो, 'तात्या बसलेत!' मी बसणार होतो... त्यांच्या मांडीवर? मुकाट्यानं मागं बसलो.

आता वर्षश्राद्ध आलं. त्याची एक अट. तात्यांची आई लवकर गेली, त्यांना वाढवलं थोरल्या बहिणीनं, म्हणजे वेल्ह्याच्या आत्यांनी. आत्या आता पंच्याऐंशीच्या. दर भाऊबीजेला तात्या वेल्ह्याला जायचे, आणि ताईनं पहिला घास भरवल्याशिवाय ताटाला हात लावायचे नाहीत, सत्तरी ओलांडली तरी तोंड उघडून बसायचे पोरासारखे. मग श्राद्धाचा घास कुणी टाकायचा? आत्यांनीच! आणि गुरुजींनी सांगून ठेवलेलं, 'एकच्या आत घास पडला पाहिजे, सूर्य कलता कामा नये, शिवाय मला दीडला सारोळ्यात दुसरीकडं उभं राहायचंय.' म्हणजे आनंदरावांनी पहाटे निघायचं, वेल्ह्याहून आत्यांना उचलायचं आणि एकच्या आत भोरला आणायचं. नाही आणलं तर? तर तात्या वर्षभर गाडीत बसले ते उपाशीच बसणार! आनंदरावांना झोप नव्हती आठ दिवस. मला म्हणाले, 'दाजी, घास पडला तर ते उतरतील हो गाडीतून.' डोळ्यांत पाणी होतं. मी म्हटलं, पडेल, पडेल.

मी गाडीत नव्हतो, आधीच सांगतो. मी इकडं वडे हुंगत होतो. पण आनंदरावांनी मला हे पुढं अकरा वेळा सांगितलंय, आणि आत्यांनी तीन वेळा वेगळं सांगितलंय, त्यामुळं मला दोन्ही पाठ आहे.

वेल्ह्याला आत्या तयारच होत्या. एका हातात काठी, एका हातात नव्या तांदळाची पाच किलोची पिशवी, खिरीला उशीर झाला तरी पिंडाला होईल म्हणून, आणि काखेत तात्यांचा फोटो! मोठा, फ्रेम केलेला, एसटीच्या खाकी कपड्यातला. आनंदराव म्हणाले, 'आत्या, द्या, डिकीत ठेवतो.' आत्यांनी काठीच उगारली. 'डिकीत? माझा भाऊ डिकीत? म्होरं बसव त्याला! त्याला मागं बसाय आवडत न्हाई!' मग काय करता? पुढच्या सीटवर तांदळाची पिशवी ठेवली, तिच्यावर फोटो टेकवला, आत्या मागं बसल्या, आणि गाडी सुरू केली तर... टुंग! टुंग! टुंग! पट्टा लावला नाही की गाडी ओरडते ना, तसं. आनंदरावांनी स्वतःचा पट्टा बघितला. लावलेला. टुंग! टुंग! मान हळूच डावीकडं वळवली. फोटोतले तात्या बघतायत. अहो, पाच किलो तांदळाला ती सीट माणूस समजली, एवढंच! पण हे त्या वेळी कोण सांगणार? मागनं आत्या शांतपणे म्हणतात, 'त्याला पट्टा लाव की. बोलतोय न्हवं.' आणि आमच्या साडूंनी बापाच्या फोटोला पट्टा लावला... टुंग बंद! एकदम बंद. आनंदरावांनी नमस्कार केला आणि पहिला गिअर टाकला. तो तिसरा पडला. आणि त्यांच्या सांगण्यानुसार, बाजूनं... 'ख्रर्र... हं.'

आता विंझर काही फार लांब नाही. पण विंझरच्या अलीकडं, भातं कापून झालेली, दोन्ही अंगांना नुसती धसकटं, डोंगरावर धुकं बसलेलं, एसटी नाही, टेम्पो नाही, चिटपाखरू नाही, आणि गाडी लागली डावीकडं ओढायला. फट् फट् फट् फट्. उतरून बघतात तर पंक्चर. मागचं. डावं.

आनंदराव म्हणतात, 'दाजी, मी चाकाच्या आधी फोटोकडं बघितलं.' कारण चाळीस वर्षं ज्या परीक्षेचा अभ्यास केला ती परीक्षा आज, आणि परीक्षक पट्टा लावून पुढं बसलेला! तात्या हयात असेपर्यंत गाडीच्या चाकाला आनंदरावांनी हात लावला नव्हता, सगळं तात्याच बघायचे. आता त्यांनी डिकीतनं पाना काढला. तात्यांचा लोखंडी पाइप काढला, दोन हात लांब, पकडायच्या टोकाला फडकं गुंडाळलेला, नट कडक असला की पान्याला अडकवायचा. चाकापुढं बसले, पाना लावला, आणि डोळे मिटले. आणि कानात आलं...

'डाव्या चाकाचा आटा उलटा!'

'कुणी म्हटलं?' आनंदराव दचकून उठले. आत्या खिडकीतनं डोकं काढून म्हणाल्या, 'म्या! आरं उलटा फिरव, माझ्या भावानं सांगून ठिवलंय!' म्हणजे घ्या! एक बाप फोटोत, एक बाप डोक्यात आणि एक बाप लुगडं नेसून मागच्या सीटवर!

फिरवला उलटा. हलेना. जोर लावला. हलेना. पाइप लावला. हलेना. साडेनऊ वाजले. मग आनंदरावांनी फोटोकडं बघितलं. तात्या फोटोत असे बघतायत की 'एवढंच का बळ? मोजणी खात्यात काय खुर्च्या मोजता?' आणि तो गरीब माणूस, ब्याण्णव किलोचा, पाइपाच्या टोकावर चढला, दोन्ही हातांनी गाडीचं छत धरलं आणि मारली उडी... टकाक्!

'निघाला!' आनंदराव नाचले. नट हातात आला. आत्यांनी जाग्यावरनंच दृष्ट काढली. दुसऱ्या नटावर पाइप. उडी. टकाक्! निघाला! तुम्हाला सांगतो, त्या माणसाच्या आयुष्यात इतका आनंद पदोन्नतीच्या वेळीही झाला नव्हता. तिसऱ्यावर उडी मारली तर टकाक् झालं नाही, नुसतं कुर्रर्र करून नट गोल फिरायला लागला, आत नाही, बाहेर नाही, गोल गोल गोल. मग त्यांनी हातातले पहिले दोन नट नीट बघितले. नटांच्या पोटात काहीतरी अडकलेलं. लोखंडाचा तुकडा. चकचकीत, ताजा मोडलेला.

चाकाच्या मागनं जे चार आट्यांचे दांडे बाहेर आलेले असतात, ज्यांवर नट बसतो, ते स्टड... दोन मोडले होते. तिसरा पिळवटला होता. चौथ्यावर अजून उडी बाकी होती म्हणून तो वाचला. आता नुसतं चाक बदलून भागणार नाही. चाक लावायचं कशाला? आणि घड्याळात पावणेदहा.

आनंदराव रस्त्यातच बसले. आत्या म्हणतात तो रडत होता, आनंदराव म्हणतात घाम होता. मी म्हणतो रडले असतील तर काय बिघडलं? बापाचा घास चुकणार होता, आणि तोही बापानं शिकवलेलं तंतोतंत केल्यावर! 'तात्या,' ते फोटोला म्हणाले, 'मी उलटाच फिरवला हो...'

मग ते डिकी बंद करायला गेले. आणि डिकीच्या आतल्या बाजूला, स्टेपनीच्या वरती, एक कागद चिकटवलेला. इतकी वर्षं गाडी वापरली, कधी दिसला नव्हता. निळ्या शाईत, एसटीच्या पाटीसारखी मोठी मोठी अक्षरं. तात्यांची. 'संजय, विंझर. चाकासाठी.' खाली नंबर.

अंगावर काटा आला ना? माझ्याही येतो, दर वेळी येतो, जेवण लांबलं होतं तरी येतो. आनंदरावांनी फोन लावला. पलीकडनं आवाज आला. आता हे संभाषण नीट ऐका.

'हॅलो, संजयभाऊ का? मी भोरहून बोलतोय, म्हणजे भोरचा आहे, माझ्या गाडीचं चाक...'

'मागलं डावं?'

आनंदरावांच्या हातातनं फोन पडता पडता राहिला. 'हो... पण तुम्हाला कसं...'

'किती मोडले?'

'दोन. एक नुसता फिरतोय.'

'पाइप लावला व्हता?'

'...हो.'

'उडी मारली?'

आनंदरावांनी एकदा आजूबाजूच्या शेतांकडं बघितलं, एकदा डोंगराकडं बघितलं, आणि बारीक आवाजात म्हणाले, 'मारली.'

'हलू नगा. सामान घिऊन आलोच.' आणि फोन बंद! गाडी कुठंय ते विचारलंच नाही! मी म्हटलं, आनंदराव, अहो एकच रस्ता आहे, कुठं विचारणार तो? पण त्यांना ते तेव्हा पटण्यासारखं नव्हतं. आत्यांनी मागनं विचारलं, 'कोन व्हता?' 'मेकॅनिक.' 'त्याला कुनी सांगितलं?' दोघांनी फोटोकडं बघितलं. आत्यांनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

आणि आम्ही इकडं उपाशी! अकरा वाजले, शैलजा गॅलरीत जाऊन येतेय, गुरुजी घड्याळ बघतायत, मी वड्यांच्या परातीकडं नुसतं बघितलं तर आमच्या सौभाग्यवतींनी परात उचलून आत नेली. नजरेनं खातो काय मी?

संजय मोटारसायकलवरनं आला. चाळिशीचा माणूस, हाताला काळं, बोलायला कमी. त्यानं चाकापुढं बसून उरलेल्या चौथ्या नटाला पाना लावला, हां, आता बघा, आणि आपल्या रोजच्या दिशेनं, सरळ, डबा उघडावा तसा फिरवला. नट निघाला. उडी नाही, पाइप नाही, काही नाही. आनंदराव बघतच राहिले. 'सायेब,' संजय म्हणाला, 'ह्या गाडीला चारी चाकं सुलटीच असत्यात. तुमी उघडत न्हवता, आवळत व्हता. आवळून आवळून मोडले. कुनी शिकवलं तुमाला उलटं?'

आता सांगा, काय उत्तर द्यायचं त्या माणसानं? आज बापाचं वर्षश्राद्ध. बाप पुढच्या सीटवर पट्टा लावून. बापाची थोरली बहीण मागं, कान टवकारून. खरं सांगायचं तर ज्या माणसानं चौतीस वर्षं चाकं सांभाळली त्याला चाकाचं कळत नव्हतं असं त्याच्याच श्राद्धाला म्हणायचं! आनंदरावांनी मान खाली घातली. म्हणाले, 'माझंच चुकलं. मीच उलटं समजलो.' मला हा भाग सांगताना माझ्या साडूंचा फार अभिमान वाटतो हो. बाकी त्यांच्यात अभिमान वाटण्यासारखं विशेष काही नाही, पण हे.

संजयनं तो गोल फिरणारा नट छिन्नीनं फोडला, चाक काढलं, आतलं ब्रेकचं ड्रम काढलं, मोडक्या स्टडवर हातोडी घातली, एक एक मागं पाडला. त्यातला एक फडक्यानं पुसला, उलटा केला, आणि आनंदरावांच्या तळहातावर ठेवला. डोक्यावर पंचानं मारलेला एक ठिपका. 'ह्यो ठिपका माजा,' तो म्हणाला. 'कंपनीचे न्हाईत हे. म्या बसवलेत. चार वर्सांमागं.'

'पण चार वर्षांपूर्वी तर गाडी नवी होती!'

'व्हय. नवीच व्हती. हितंच, ह्याच वळनाला पंक्चर झाली. आन् तात्यांनी उडी मारली व्हती.'

आत्यांनी खिडकीतनं अख्खं डोकं बाहेर काढलं.

मग संजयनं सगळं सांगितलं, काम करता करता, तात्यांचा आवाज काढून. तीन स्टड मोडून तात्या ह्या बांधावर बसले होते म्हणे, पाऊण तास, कुणाशी बोलेनात. मग म्हणाले, 'संज्या, ह्ये आनंदाला कळता कामा न्हाई. चाळीस वर्सं त्याला उलटं सांगितलंय. आता ह्या वयात सुलटं कुठल्या तोंडानं सांगू?' संजय म्हणाला, तात्या, सांगून टाका, नाहीतर एक दिवस ते पण मोडतील. तर तात्या म्हणतात, 'मोडंलच! त्यो बी उडी मारनार, माझाच हाये त्यो. तू असं कर, ह्या गाडीचे चार स्टड आनून तुझ्यापाशी ठिव. तुझा नंबर मी डिकीत लावून ठिवतो.' म्हणजे बघा! चूक झाली एवढं दोन शब्दांत सांगायच्या ऐवजी या माणसानं लोखंड विकत घेऊन ठेवलं!

संजयनं पिशवीतनं पुडी काढली. मेणकागदाची, सुतळीनं बांधलेली, वर ग्रीसची बोटं. 'चार वर्सं फळीवर हाय. भोरचा फोन आला की मी आदी डावंच इचारतो.' पुडीवर निळी शाई, एसटीची अक्षरं. 'आनंदा. डावं मागलं.'

रडले. इथं मात्र रडले, यावर दोघांचंही एकमत आहे. हसत होते आणि रडत होते, पुडी छातीशी धरून, ब्याण्णव किलोचा माणूस, विंझरच्या रस्त्यावर. म्हणत होते, 'सांगायचं होतं की हो तात्या... मी काय हसलो असतो का?' आणि मागच्या सीटवर आत्यांना वेगळंच आठवलं. 'आरं, म्हंजे त्या वर्सी माझ्याकडं दोन दिस ऱ्हायला त्यो... तुमाला काय सांगितलं व्हतं त्यानं?' आनंदराव डोळे पुसत म्हणाले, 'तुम्हाला ताप आलाय म्हणाले होते.' 'मला?' आत्यांचा आवाज डोंगरावर जाऊन परत आला. 'मला आज पन्नास वर्सं ताप न्हाई! मेला वसरीवर बसून दोन दिस भुईमूग खात व्हता!' आणि त्यांनी काठी पुढं घालून फोटोच्या काचेवर टकटक केलं. 'लबाडा!'

नव्या स्टडना वायसर लावून, नट आवळून आवळून संजयनं चारी जागेवर ओढून घेतले. ड्रम चढवलं, स्टेपनी चढवली. पावणेबारा. तिथनं नसरापूर, कापूरहोळ, भोर... आनंदरावांनी गाडी अशी हाणली म्हणतात की एकदाही खाकरल्याचा आवाज आला नाही. माझं म्हणणं तात्या घाबरून गप्प बसले असतील.

बाराला बावन्न कमी... नाही, चुकलो, एकला आठ मिनिटं कमी असताना गाडी दारात. गुरुजी चपला घालून उभे होते, ते परत बसले. आत्यांनी पान घेतलं, घास केला, खीर, वडा, भात, आणि फोटोपुढं धरून म्हणाल्या, 'घे. आ कर, उलट्या डोक्याच्या.' वीस माणसं हसली हो, श्राद्धाला! आणि आत्यांचे डोळे वाहत होते. मग आम्ही जेवलो. एक वाजून पंचवीस मिनिटांनी. माझे नऊ वडे झाले, मोजायचं काम नाही.

संपलं असं वाटलं ना? मलाही वाटलं. घास पडला, तात्या उतरले, पुढची सीट मोकळी झाली. शैलजा पुढं बसायला लागली. मी स्वतः एकदा बसून बघितलं, मऊ आहे. आनंदराव मला म्हणाले, 'दाजी, आता ही चूक माझ्यापाशी थांबवणार. मैथिलीला सगळं खरं सांगणार.' मैथिली म्हणजे त्यांची लेक, अठरा पूर्ण, नुकतंच लायसन काढलंय शिकाऊ. म्हटलं, शाब्बास, असं पाहिजे.

परवाच्या रविवारी मी भोरला गेलो तर दारात कार्यक्रम चालू. मैथिली हातात पाना घेऊन बसलेली, मागच्या डाव्या चाकापुढं. आनंदराव शेजारी उभे, चेहरा गंभीर, मोठं सत्य सांगायच्या तयारीत. आणि पोरीनं वर बघून विचारलं, 'बाबा, कुठल्या बाजूला फिरवू?'

आनंदरावांनी तोंड उघडलं. तुम्हाला सांगतो, मी तीन हातांवर उभा होतो, मी शपथेवर सांगायला तयार आहे, त्या तोंडातनं जो आवाज आला तो आनंदरावांचा नव्हताच. घोगरा. जुना. आधी आलं, 'ख्रर्र... हं.' आणि मग...

'डाव्या चाकाचा आटा उलटा!'

आणि पोरीच्या पाठीत धपाटा!

ते स्वतःच पांढरे पडले हो. माझ्याकडं बघितलं. मी त्यांच्याकडं बघितलं. म्हटलं, आनंदराव, सांगा ना खरं! 'सांगतो,' म्हणाले, 'सांगतो...' आणि घाम पुसत राहिले. पोरगी मान डोलवत होती. पोरीनं ऐकलं होतं. पोरीला पाठ झालं होतं. आता ह्या वयात सुलटं कुठल्या तोंडानं सांगायचं त्यांनी?

काल माझ्याकडं एक पुडी दिली. 'दाजी, तुम्ही वेल्ह्याकडं जाताय ना, एवढी विंझरला देता का?' मेणकागद, सुतळी, वर आनंदरावांचं अक्षर. 'मैथिली. डावं मागलं.' दिली नेऊन, काय करणार, साडू आहेत. संजयनं पुडी घेतली, नाव वाचलं, काही विचारलं नाही. फळीवर ठेवली. फळीवर सगळीकडं डबे, बाटल्या, नट, पत्रे, खच्चून भरलेली, फक्त एका पुडीपुरती जागा पुसून स्वच्छ ठेवलेली होती. मी म्हटलं, ही जागा रिकामी कशी? तर म्हणतो, 'ठिवली व्हती, पाव्हनं. श्राद्धादिवशीच पुसून ठिवली.'